अ‍ॅबडक्शन, अ‍ॅडक्शन आणि बारा आणे

फिजिओथेरपीला अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा मला वाटलं होतं की लोकांचे हातपाय हलवायला शिकवतील, पण पहिल्याच आठवड्यात कळलं की आधी स्वतःची जीभ हलवायला शिकायचंय. स्टर्नोक्लायडोमास्टॉइड. हे मानेच्या एका स्नायूचं नाव आहे आणि ते पाठ करताना माझा तोच स्नायू आखडला होता, खोटं नाही सांगत.

दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळे 'मान' हे एक प्रकरण मला दोन अक्षरांत माहीत होतं. मॅडम म्हणाल्या घाबरू नका, शब्द तोडून वाचा. आर्थ्रो म्हणजे सांधा, मायो म्हणजे स्नायू, अल्जिया म्हणजे दुखणं, आयटिस म्हणजे दाह. झालं, त्या दिवसापासून आमच्या ग्रुपमध्ये जे दिसेल त्याला आयटिस लागायला लागलं. एकीला डब्यातली कडक भाकरी न भिजवता खाऊन हिरड्यांना 'भाकरीआयटिस' झाला, दुसरीला मे महिन्यात सात रस्ता चौकात रिक्षाची वाट बघून 'सोलापूरआयटिस', त्याला उपचार नाही, पावसाळाच यावा लागतो.

सगळ्यात छळ कुणी केला असेल तर अ‍ॅबडक्शन आणि अ‍ॅडक्शनने. हात अंगापासून लांब नेला की अ‍ॅबडक्शन, अंगाकडे आणला की अ‍ॅडक्शन, फरक एका अक्षराचा आणि मागच्या बाकावर दोन्ही सारखंच ऐकू येतं, म्हणून सगळे सर-मॅडम शेवटी 'ए-बी-डक्शन, ए-डी-डक्शन' असं सुटं सुटं बोलतात. त्यात मी घरी डिक्शनरी काढून अ‍ॅबडक्शन बघितलं तर अर्थ निघाला अपहरण. म्हटलं बरोबर आहे, हाताला पळवूनच नेतोय की. सुपिनेशन-प्रोनेशन मात्र मी माझ्या पद्धतीने बसवलं: सिद्धेश्वराच्या देवळात तीर्थ घेताना तळहात वर असतो ते सुपिनेशन, आणि आई भाकरी थापते तेव्हा तळहात खाली ते प्रोनेशन. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हेच उदाहरण तोंडातून निघून गेलं, बाहेरून आलेले एक्स्टर्नल सर हसले, मार्क दिले की नाही देव जाणे.

खरं सांगू का, जुनी नावं ठेवणारे लोक भलतेच रिकामटेकडे असावेत. नडगीचं हाड टिबिया म्हणजे बासरी, गळ्याजवळचं क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. कॉक्सिक्सचं तर विचारूच नका, ग्रीक लोकांना तिथे कोकिळेची चोच दिसली! आपल्या लोकांना त्याच जागी माकड दिसलं आणि त्यांनी सरळ माकडहाड म्हणून टाकलं. जिन्यावरून त्याच हाडावर आपटलेल्या माणसाला विचारा, कोकिळा आठवते की माकड.

सार्टोरियस मात्र घरात गाजला. बाबा युनिफॉर्म शिवतात, आमच्या गल्लीत निम्म्या घरांत तेच चालतं. शरीरातला सगळ्यात लांब स्नायू, कमरेपासून मांडीवरून तिरका गुडघ्याच्या आतल्या बाजूला जातो, आणि नाव पडलंय लॅटिनमधल्या शिंप्यावरून, कारण शिंपी मांडी घालून बसायचे ना. बाबा एकदम ताठ बसले. "बघ, सायबाच्या पुस्तकात सुदिक शिंपी हाय." मग जरा विचारात पडले, "पण मी तर तीस वर्षं मशीनवर बसलोय, स्टुलावर. मग माझा तो स्नायू वाया गेला का गं?"

एवढा सगळा माल डोक्यात भरून मी पांढरा कोट घालून ओपीडीत बसले आणि पहिले पेशंट आले अक्कलकोट साइडचे आजोबा. मराठी तोडकंमोडकं, सोबत कुणी नाही. विचारलं काय होतंय, तर म्हणाले, "काल. काल." मी लिहिलं: कालपासून. अ‍ॅक्यूट. म्हणजे दुखणं अगदी ताजं. काही उचललं का काल, पडलात का काल? आजोबा मान हलवतायत आणि मांडीवर थापट्या मारत आणखी जोरात "काल, काल!" मी पण जोरात, "हो आजोबा, काल, कळलं!" शेवटी बाजूच्या बेडवरच्या मावशींना राहवलं नाही. "अगं पोरी, काल म्हंजे पाय! कानडीत बोलायलेत ते." त्यांनीच मधे पडून विचारलं तर पाय अकरा वर्षं दुखत होता. तीन महिन्यांच्या वर गेलं की क्रॉनिक, हे मला झोपेत विचारा, सांगेन, पण सोलापुरात जन्म काढून शेजारच्या भाषेत पायाला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. कागदावरचं अ‍ॅक्यूट खोडताना सीनियर नेमकी मागे उभी.

त्यानंतर एक ऐंशीच्या पुढच्या आजी. विड्या वळून वळून खांदा धरलेला. दुखणं कसं आहे विचारलं आणि फॉर्मवर टिक करायला चारच चौकोन, इकडे आजींची गाडी सुटलेली: दिवसा नुसतं सलतं, हात वर केला की चमक निघते, रात्री ठणका लागतो, पहाटे बोटांना मुंग्या, आणि थंडीत तर कळ पार मस्तकात जाते. मी टिक कुठे करू? म्हटलं जाऊ दे, आकडा विचारू.

"आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर किती दुखतंय?"

आजींनी विचार केला. "बारा आणे."

आता सोळा आण्यांचा रुपया, बाराला सोळाने भागून दहाने गुणलं, आले साडेसात. मी खूश होऊन लिहिलं. सीनियर म्हणाली अर्धा चालत नाही, नीट विचार, सात की आठ. मी परत गेले, आजी, जरा कमी-जास्त करून सांगा ना.

"बारा म्हंजे बारा," आजी म्हणाल्या. "भाजी घ्यायला आलीस काय, घासाघीस करायला?"