चार दिवस शाळा बुडाली तर काय बिघडते?

गणपती जवळ आले की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी, सणाला ये म्हणून म्युनिकच्या भावामागे हीच भुणभुण सुरू होते. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या जर्मन राज्यात आहे तिथे, उन्हाळी सुट्टी संपून सप्टेंबरच्या मध्यावर नवे शालेय वर्ष सुरू होते, विनापरवानगी मूल घरी ठेवले तर पालकांना दंड होऊ शकतो, आणि २०१८ मध्ये तर सुट्टीआधीच निघालेली कुटुंबे पोलिसांनी विमानतळावर हेरली होती, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. पुतणी यंदा पहिलीत जाते आहे. पहिल्या दिवशी तिकडची मुले खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला मोठा कागदी शंकू मिरवतात, तो वहिनीने रात्री जागून चिकटवला. त्याची चौकशी एकाही आत्या-मावशीने करू नये? पोरीला फोनवर विचारतात ते एवढेच, ‘नाशिकला कधी येणार?’