माझ्या गाडीला अँटेना होता

काल संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, समोरचे दोन दात पडलेल्या एका सात वर्षांच्या मुलीने माझी जी लाज काढली, ती अजून जागेवर गेलेली नाही.

खेळ मारिओ कार्टचा, म्हणजे टीव्हीवर गाड्यांच्या शर्यती लावायचा व्हिडिओ गेम. खेळणारे आम्ही तिघं: थोरली, धाकटा आणि मी. तीन आठवडे झाले, रोज चार शर्यती. मुलांच्या हातातून गेम हिसकावू नका, शेजारी बसून त्यांच्याबरोबर खेळा, असं हल्ली सगळेच जाणकार सांगतात. शेजारी बसल्यावर बापाचं काय होतं ते मात्र कोणी सांगत नाही. दोन्ही हातांत भरेल असा चांगला कंट्रोलर त्याला मिळत नाही. मिळतो जॉय-कॉन नावाच्या चिमुकल्या कंट्रोलरच्या जोडीतला एक तुकडा, तोही आडवा धरायचा. त्याच्या कडेला एसएल आणि एसआर अशी दोन बटणं असतात, मुंगीला टेकायला केल्यासारखी. वळणावर गाडी घसरवायची तर एसआर दाबून धरायचं. माझं बोट तिथवर पोचेपर्यंत वळण संपलेलं असतं. शिवाय तिघं खेळले की पडद्याचे चार तुकडे होतात. ज्या टीव्हीचे हप्ते मी भरले, त्याचा एक चतुर्थांश माझ्या वाट्याला.

तरी माझं बरं चाललं होतं. १२ गाड्यांत पाचवा-सहावा यायचो. एकदा तर तिसरा. त्या रात्री भावाला मुद्दाम फोन करून सांगितलं, की यात अवघड काही नसतं रे, हात मुळातला लागतो. एकच गोष्ट खटकायची. गाडी घसरवत नेली की चाकांतून ठिणग्या उडतात: आधी निळ्या, मग नारिंगी, आणि फार वेळ धरून ठेवलं तर जांभळ्या. मुलांच्या जांभळ्या उडत. माझ्या नारिंगीवर येऊन थांबत. वय झालं की ठिणग्याही कमी पडत असतील, अशी मी समजूत घालून घेतली होती.

तर ही वरच्या मजल्यावरची. धाकट्याची मैत्रीण. ती खेळत नाही. ‘मी नुशती बघते,’ असं दातांच्या फटीतून म्हणते आणि पाय हलवत बसते. राउंडावर आलेले मोठे डॉक्टर जसे काही न बोलता केसपेपर बघतात, तशी ती माझा चतुर्थांश बघत होती. दोन शर्यती गप्प होती. तिसरीत म्हणाली, “काका, तुमच्या गाडीला अँटेना का आहे?”

मी म्हटलं, “कुठे?”

“मागे. तो काय.”

होता. तीन आठवडे ती गाडी मी पाठीमागून बघत होतो आणि मला तो दिसला नव्हता. पण लहान मुलासमोर कोण कबूल करणार? मी म्हटलं, “डिझाइन आहे ते.”

“नाही,” ती म्हणाली. धाकटा तिला कोपराने ढोसत होता. “माझ्या आजीच्या गाडीला पण होता. ज्यांना येत नाही ना, त्यांच्या गाडीला अशतो. ते रश्त्यावरून खाली पडू नयेत म्हणून गाडी आपली आपणच वळते.”

थोरली एकदम छताकडे बघायला लागली.

“त्याला श्मार्ट श्टिअरिंग म्हणतात,” तिने माझ्या माहितीसाठी जोडलं. “तो अशला की जांभळं येत नाही.”

म्हणजे तीन आठवडे मी गाडी चालवतच नव्हतो. गाडीत बसून होतो. त्यातून हा गेम मागे पडलेल्यांना जास्त चांगली हत्यारं देतो, आणि मला वरचेवर जे बुलेट बिल मिळायचं, ते तर गाडीचा तोफगोळा करून स्वतःच पळवत नेतं. अर्धी शर्यत अँटेनाने चालवली, उरलेली गोळ्याने. तो तिसरा नंबर कोणाचा होता कोण जाणे.

धाकटा म्हणाला, “बाबा, तू सारखा पडायचास ना, मग तू चिडायचास. म्हणून आम्ही चालू केलं.”

आम्ही! म्हणजे बैठक झाली होती, ठराव झाला होता.

आता खरं सांगायचं तर ही विद्या माझीच. धाकटा चार वर्षांचा असताना मी कॅरममध्ये त्याच्याकडून ठरवून हरायचो. स्ट्रायकर असा सोडायचो की क्वीनला वाराही लागू नये. सापशिडीतसुद्धा मुद्दाम हरतो असा आव आणायचो, जिथे फासा पडेल तसं जायचं असतं आणि मुद्दाम हरताच येत नाही. पोरगं तेव्हा टाळ्या पिटायचं. मला वाटायचं, फसतंय. आता शंका येते, की ते शिकत होतं.

आणि मी काही अगदीच अडाणी नाही हो. आमच्या वेळी व्हिडिओ गेमची कॅसेट चालली नाही की बाहेर काढून तिच्यात फुंकर मारायची. त्या फुंकरीने काही होत नसतं, उलट थुंकीने तिचे धातूचे दात गंजतात, चालायची ती कॅसेट पुन्हा नीट बसल्यामुळे, हे फार नंतर कळलं. पण गल्लीत माझ्या फुंकरीला मान होता. लोक कॅसेटी घेऊन यायचे. तो मी, आणि आज मला पोरं आधार लावून चालवतात.

मी म्हटलं, “काढा तो अँटेना. आणि रेनबो रोड लावा.”

“बाबा, नको,” थोरली म्हणाली. एवढ्या काळजीने ती मला आजारपणातही बोललेली नाही.

रेनबो रोड म्हणजे अंतराळातला रंगीत रस्ता. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. पडलात की ढगावर बसलेलं एक कासव गळाला लावून तुम्हाला वर काढतं. शिवाय शर्यतीत गोळा केलेली तीन नाणी जातात. मी पहिल्याच वळणावर गेलो. मग दुसऱ्या. वरची मोठ्याने मोजत होती. “पाच... शहा... काका, आता तर शरळच होतं!” सातव्यांदा पडलो तेव्हा तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “अशू दे काका. ढग येतो ना.”

बारावा आलो. मुलं एक शब्द बोलली नाहीत, आणि तेच जास्त लागलं. हसली असती तर ओरडता तरी आलं असतं. चांगली वागत होती, त्याला काय करणार? ‘सगळ्या कुटुंबासाठी’ म्हणतात या खेळांना. युरोपात याच्या डब्यावर ३ हा आकडा छापतात, म्हणजे तीन वर्षांपासून पुढे कोणीही खेळावं. कुठपर्यंत खेळावं, ते छापत नाहीत. वेगळे विकत घ्यायचे धरून ९६ ट्रॅक आहेत त्यात. एक सपाट, सरळ, दोन्ही बाजूंनी भिंती असलेला, दिवसभर काम करून आलेल्या माणसासाठी का असू नये?

जाताना ती दारात थांबली. “काका, तुम्ही माझ्या आजीशी खेळाल? तिला पण कुणी घेत नाही.”

मी हो म्हटलं. काय म्हणणार?

आज सकाळी जिन्यात तिने आजीचा निरोप आणला. रविवारी पाच वाजता. आजीने स्वतःचा अँटेना गेल्याच आठवड्यात काढून टाकलाय. काकांनी लावायचा की काढायचा ते त्यांनी ठरवावं, तिची काही हरकत नाही.

विचार करून कळवतो, असं सांगितलंय.