'मशीन बंद ठेवा, तोटा थांबेल' या मेसेजबद्दल खुलासा

भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'नगाचा खर्च ५० रुपये आणि भाव ४५ मिळत असेल, तर काम बंद ठेवा, तोटा थांबेल.' हे चुकीचं आहे. मी कॉमर्सच्या मुलांना हाच धडा शिकवतो, म्हणून लिहितोय.

त्या ५० रुपयांत दोन वेगळे खर्च आहेत. समजा, महिन्याला २,००० नग निघतात. माल, मजुरी, वापरलेली वीज धरून नगामागे ३० रुपये, हा कामाप्रमाणे बदलता खर्च. गाळ्याचं भाडं आणि मशीनचा हप्ता मिळून ४०,०००, म्हणजे नगामागे २०. आता ४५च्या भावाने ९०,००० येतात, त्यातून ६०,००० बदलता खर्च गेला की ३०,००० उरतात. ते भाडं-हप्त्याला लागतात आणि तोटा १०,००० राहतो. काम बंद केलंत तर? भाडं चुकत नाही, हप्ता चुकत नाही. तोटा सरळ ४०,०००! महावितरणचं बिल काढून बघा, 'स्थिर आकार' आणि 'वीज आकार' या वेगळ्या ओळी आहेत. युनिट शून्य झालं तरी पहिली ओळ राहतेच.

भाव ३०च्या खाली गेला तर मात्र काम थांबवणंच बरं. आणि गाळ्याचा करार संपत आला असेल, तर तेव्हा भाडंही धरूनच विचार करायचा, कारण तेही तेव्हा टाळता येतं.

हातातली ऑर्डर परत करण्याआधी कृपया हा हिशेब मांडा. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.