‘ऑक्सिजन तोडून फिट आणतात’ हे खोटं आहे

मी भूलतज्ज्ञ आहे. शॉक ट्रीटमेंट म्हणजे तीव्र मानसिक आजारात मेंदूला थोडा वीजप्रवाह देऊन मुद्दाम फिट आणणं; ती फिट हाच उपचार. शॉक ट्रीटमेंटची तारीख ठरली की नातेवाईक मोबाइल पुढे करतात. मेसेज तोच असतो: ‘शॉक देताना श्वास बंद पाडतात, मेंदूला ऑक्सिजन मिळत नाही म्हणून फिट येते, पेशी मरतात.’ हा वाचून बरी होऊ शकणारी माणसं उपचार सोडून जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

श्वास थांबतो, हे खरं. स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन दिलं की छातीही काही मिनिटं हलत नाही. पण तेवढा वेळ श्वास आम्ही देतो. नाकातोंडावर मास्क, हातात दाबून श्वास देण्याची बॅग, बोटाला ऑक्सिमीटर. एका पायाला पट्टा आवळून औषध तिथं पोहोचू देत नाही. फिट आली की बहुतेक तेवढंच पाऊल थरथरताना दिसतं. मेसेजमधलं चित्र जुनं आहे. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी हा उपचार सुरू केला तेव्हा तो भूल न देता करत. अंग ताठ व्हायचं, श्वास अडकायचा, ओठ निळे पडायचे. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय शॉक देण्यावर बंदी आहे.

ऑक्सिजन कमी पडतो म्हणून फिट येते? नाही. फिट आणतो तो काही सेकंदांचा वीजप्रवाह. फिट चालू असताना मेंदूला नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो आणि तो कमी पडला तर फिट आखूडच होते. ऑक्सिजन तोडला तर उपचारच बिघडेल.

‘मग शॉकआधी भराभर बॅग का दाबता?’ हा प्रश्न मला आवडतो. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, तर आधीच ९९-१०० टक्के असतं. ते जादा श्वास कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला असतात. तो साचला की रक्त आम्लाकडे झुकतं आणि मेंदूच्या पेशी मंदावतात. तो उतरला की त्याच पेशी लवकर पेटतात. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढताना मुलांना तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, तेही याचसाठी. म्हणून बॅग नीट दाबली तर कमी विजेत पुरेशी फिट मिळू शकते, आणि वीज कमी तर विसरण्याचा त्रासही कमी. मात्र अति केलं तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात आवरता ठेवावा लागतो. शिवाय फिट लांबली म्हणजे गुण जास्त, असंही नाही; फार लांबली तर औषध देऊन थांबवतो.

विसरण्याचा त्रास मी नाकारत नाही. उपचाराच्या आसपासच्या आठवणी पुसट होतात, काहींच्या कायमच्या जातात. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी त्याबद्दल मोकळेपणानं विचारा. आणि पेशंटला दमा, जुना खोकला किंवा झोपेत श्वास अडकून घोरण्याची सवय असेल तर ते भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा.