पेढे नंतर वाटा, आधी ओसी मागा

आज डोकं फिरलंय. लिहिलं नाही तर झोप लागायची नाही, म्हणून लिहिते.

दुपारी ऑफिसात एकाने पेढे वाटले. नव्या फ्लॅटची चावी मिळाली म्हणून. तिशीतला गुणी मुलगा आहे, बायकोचे दागिने मोडून बुकिंग केलेलं. मी पेढा घेतला आणि विचारलं, "ओसी आली का रे?" ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारतीत राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला. तर म्हणतो, "नाही ताई, आत्ता फिट-आउट पझेशन दिलंय, फर्निचर करून घ्यायला. पण ॲग्रीमेंट रजिस्टर झालंय ना, म्हणजे घर आपलंच की!"

मी सगळ्यांसमोर त्याच्यावर खेकसले. तो बिचारा पेढ्यांचा बॉक्स हातात धरून तसाच उभा.

हेच सगळं मी 2001 च्या दसऱ्याला आमच्या घरी पाहिलंय. तेव्हा बिल्डर स्वतः पेढे घेऊन आला होता. बाबांनी विचारलं, "भोगवटा प्रमाणपत्राचं काय?" "काका, फाईल टेबलावर आहे. महिनाभरात आणून देतो." बाबा टपाल खात्यातले. पोचपावती घेतल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी कुणाला कागद दिला नाही. पण त्या दिवशी चावी घेतली. भाडं आणि हप्ता दोन्ही झेपत नव्हतं, आणि आईला नव्या ओट्यावर दूध उतू घालायचं होतं.

बाबा 2019 मध्ये गेले. ओसी अजून आलेली नाही.

रजिस्ट्रेशन झालं म्हणजे घर आपलं, हे आपल्याला कुणी शिकवलं? इंडेक्स टूवर, म्हणजे रजिस्ट्रार ऑफिसच्या नोंदीच्या उताऱ्यावर, नाव आलं म्हणजे फ्लॅटचा करार नोंदला गेला, एवढंच. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे उभी आहे, आगीची, लिफ्टची, ड्रेनेजची व्यवस्था तपासली आहे, माणसांनी इथे राहायला हरकत नाही, हे सांगणारा कागद म्हणजे ओसी. आणि खालची जमीन सोसायटीच्या नावावर होते ती कन्व्हेयन्सने. हे तिन्ही कागद वेगवेगळे आहेत. बिल्डर पहिला हातात देतो आणि आपण उरलेले दोन विसरून जातो.

कायदा नाही असंही नाही. 1963 चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅटविक्रीचा कायदा, म्हणतो की दाखला मिळेपर्यंत बिल्डरने ताबा द्यायचा नाही, आणि पुढे हेही म्हणतो की घेणाऱ्याने घ्यायचा नाही. हो, आपल्यालाही बांधलंय त्यात! सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स करून द्यायचं, हाही नियम तेव्हापासूनचाच. आमची सोसायटी 2004 ची. चार महिने कधी संपले ते तुम्हीच मोजा.

बाबांची एक निळी फाईल आहे. आत एक वही. तीत तारखा आणि पुढे त्यांच्या सुबक अक्षरात नोंदी: "साहेब रजेवर." "फाईल वर गेली आहे." "आर्किटेक्ट बदलला, नवीन पत्र हवे." "सोमवारी या." पानंच्या पानं. निवृत्तीनंतरची दहा वर्षं माणसाने यात घालवली.

मान्य, दर वेळी बिल्डरच लबाड असतो असं नाही, फायली पालिकेतही अडतात. पण मग फाईल सुटेपर्यंत ताबा देऊ नका ना! पैसे मात्र वेळेवर मागता.

आता इमारतीचं प्लॅस्टर पडतंय. आईच्या बेडरूमच्या छतातून सळ्या दिसतात. रिडेव्हलपमेंटवाले आले आणि त्यांचा पहिलाच प्रश्न, "कन्व्हेयन्स झालंय का?" सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालक. तो वारला, सात वारस चढले, त्यांचं आपसात पटत नाही. बिल्डर फोन उचलत नाही. आम्ही आता जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, अर्ज केलाय. बिल्डर सही देत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायची ही सोय 2008 च्या दुरुस्तीने झाली. ओसी नसली तरी तो अर्ज करता येतो. हे बाबांच्या हयातीत आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ते जास्त लागतं.

लढून मिळत नाही असं नाही. मुंबईतल्या समृद्धी सोसायटीच्या लोकांनी 1997 मध्ये ताबा घेतला होता. ओसी नाही म्हणून मालमत्ता कर 25 टक्के आणि पाणीपट्टी 50 टक्के जास्त भरत होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये स्पष्ट सांगितलं, ओसी मिळवून न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती मिळेपर्यंत चूक रोज चालूच राहते. पण मधली पंचवीस वर्षं कोण परत देणार?

आणि डोंबिवली? त्या 65 इमारतींमधल्या माणसांनी महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी नंबर पाहून घरं घेतली. परवानग्याच बनावट निघाल्या. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने पाडायचा आदेश दिला तेव्हा बायका रडत होत्या ते आपण टीव्हीवर बघितलं, आणि चॅनल बदललं. ओसी मागणारा माणूस आपल्याला किरकिरा वाटतो. "सगळ्यांचंच असं असतं" म्हणून आपणच त्याला गप्प बसवतो. आमच्या बिल्डिंगमध्ये बाबांना "ओसीवाले काका" म्हणायचे, आणि हसायचे. त्यातले निम्मे आता रोज मला विचारतात, अर्जाचं कुठवर आलं.

असो. त्या मुलावर ओरडायला नको होतं. त्याने काय वाईट केलं, घर घेतलं. आत्ता त्याचा मेसेज आला, ताबापत्राचा फोटो पाठवलाय. "ताई, यात काय बघायचं असतं?" झूम करून वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की ताबा मिळाला, बांधकामाबाबत कोणतीही तक्रार नाही. सहीची जागा अजून कोरी आहे.

त्याला कळवलंय, सही करू नकोस. उद्या डब्याच्या सुट्टीत बसू. बाबांची फाईल घेऊन येते.