‘छोटी ईव्ही म्हणजे शहरातलं खेळणं’ : त्या फिरत्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. ग्रुपगणिक शब्द थोडे बदलतात, गाभा तोच. छोटी इलेक्ट्रिक गाडी म्हणजे शहरातलं खेळणं. रेंजचे, म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते त्याचे आकडे खोटे. घाटात बॅटरी बसते. एसी लावला की रेंज निम्मी. पाच माणसं आणि सामान मावत नाही. रस्त्यात चार्जिंगला तासन्‌तास जातात. आठ वर्षांनी बॅटरी गेली की गाडी भंगारात. आणि शेवटी सल्ला: फॅमिलीसाठी एकच गाडी घ्यायची असेल तर निमूट सीएनजी घ्या.

यातलं काही साफ चूक आहे, काही अर्धं खरं आहे. आणि ज्यावर सगळं अवलंबून आहे ती गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला सुचलेलीच नाही.

हवेत बोलण्यापेक्षा एक गाडी समोर धरू. जानेवारी 2024 मध्ये आलेली टाटा पंच ईव्ही, तिची मोठ्या बॅटरीची आवृत्ती. लांबी चार मीटरच्या आत, बॅटरी 35 किलोवॅट-अवरची, म्हणजे आपल्या मीटरच्या भाषेत 35 युनिट. एमजी कॉमेट किंवा 24 युनिटवाली टियागो या आणखी छोट्या बॅटरीच्या ईव्ही, त्यांचा हिशेब वेगळा आहे. मेसेजमध्ये या सगळ्या एकाच टोपलीत टाकल्यात, निम्मा घोळ तिथेच होतो. कॉमेटला चारच सीट आहेत आणि मागच्या सीट उभ्या असताना डिकी जवळपास नसते. ती घरची एकमेव गाडी म्हणून घेऊ नका, हे सांगायला मेसेजची गरज नाही.

‘421 सांगतात, अडीचशे जाते. शुद्ध फसवणूक.’

अडीचशे जाते, हे खरं. फसवणूक म्हणावी का, हे कंपनीने सांगितलेले 421 किमी कुठून आले त्यावर आहे. हा आकडा रस्त्यावरचा नाही, प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा आहे. चाकं जागच्या जागी फिरतात, एसी बंद असतो आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे गाडी पळवली-थांबवली जाते. त्यातही पूर्वी फक्त पहिला, शहरी भाग धरायचे. त्यात कमाल वेग ताशी 50 आणि सरासरी 19-20. लक्ष्मी रोडला संध्याकाळी पडतो तो वेग! 2024 मध्ये शहराबाहेरचा दुसरा भागही धरून आकडा सांगायची पद्धत आली आणि त्याच गाडीचा, त्याच बॅटरीचा आकडा 421 वरून 365 वर आला. गाडी तीच, मोजपट्टी बदलली.

पेट्रोल गाडीचंही हेच असतं. जाहिरातीत लिटरला 20 आणि हातात 14-15, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्याला आपण फसवणूक म्हणत नाही, ‘अ‍ॅव्हरेज कमी देते’ म्हणतो.

घरात लावायचा हिशेब साधा आहे. माणसं भरलेली, एसी चालू, वेग 80-90 च्या घरात, तर युनिटला 7 किमी धरा. 35 युनिटचे 245 होतात. तळाचे पाच युनिट राखीव ठेवा, घाबरत घाबरत कोणी गाडी चालवू नये. उरले 210. म्हणजे पुणे–महाबळेश्वर, मुंबई–नाशिक, नागपूर–अमरावती एका दमात आणि पोचल्यावर बॅटरी शिल्लक. पुणे–कोल्हापूर किंवा पुणे–सोलापूर असेल तर वाटेत एकदा थांबायचं. यात ‘खेळणं’ कुठे आलं?

वेगाबद्दल मात्र एक गोष्ट मनावर घ्यावीच लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 चे 100 केले की तो दीडपटीहून जास्त होतो. समृद्धीवर 120 ची मुभा आहे म्हणून 120 ने हाणली तर युनिटला 7 किमी विसरा. छोटी गाडी उंच आणि ठोकळ्यासारखी असते, हवा कापणं तिला जमत नाही. ‘माझ्या मेहुण्याची गाडी पावणेदोनशेलाच बसली’ छापाच्या गोष्टी ऐकल्या की पहिला प्रश्न हा विचारायचा: मेहुणे किती वेगाने निघाले होते?

‘घाटात बॅटरी बसते.’

हा मुद्दा मला सर्वांत आवडतो, कारण तो घरबसल्या कागदावर सोडवता येतो.

खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण 60 मीटरवर, लोणावळा 620 च्या आसपास. चढ झाला 560 मीटरचा. गाडी, पाच माणसं, सामान मिळून वजन पावणेदोन टन धरू. एवढं वजन एवढं वर उचलायला लागणारी ऊर्जा काढा, ती 2.7 युनिटच्या जवळ येते. मोटर आणि गिअरमधली गळती धरली तर तीन युनिट. पस्तीसपैकी तीन! बोर घाटाची किंमत सुमारे 20 किमी रेंज, बस्स. परत येताना उतारावर मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग बॅटरीत परत येतो. पेट्रोल गाडी चढताना जाळलेलं पेट्रोल उतरताना परत देत नाही, उलट ब्रेक तापतात ते वेगळंच.

मग ही समजूत आली कुठून? डॅशबोर्डवरून. उरलेल्या किलोमीटरचा आकडा गाडी नुकत्याच झालेल्या खर्चावरून काढते. घाट चढताना खर्च जास्त, म्हणून तिला वाटतं पुढचा सगळा रस्ता असाच आहे. अमृतांजन पुलाची जागा येईपर्यंत 180 चे 130 होतात आणि मागच्या सीटवरून काकू विचारतात, ‘पोचू ना रे?’ लोणावळा गेलं की आकडा पुन्हा वर सरकायला लागतो, पण तो स्क्रीनशॉट कोणी ग्रुपवर टाकत नाही. घाटात किलोमीटर बघू नयेत, टक्के बघावेत.

‘एसी लावला की रेंज निम्मी.’

उन्हात तापलेली गाडी थंड होईपर्यंत एसी जोरात खातो, नंतर तासाला एक युनिटच्या आसपास. हायवेवर तासाभरात गाडी स्वतः 11-12 युनिट घेते, त्यात एक म्हणजे दहा टक्केही नाही. ट्रॅफिकमध्ये मात्र तासात 20 किमी होतात, त्याला गाडी अडीच-तीन युनिट घेते आणि एसी वर एक. तिथे टक्केवारी खरोखर वाईट दिसते. फक्त शहरात दिवसाकाठी 30-40 किमी चालणाऱ्या माणसाला तिचं काय करायचंय? चटके सोसत रेंज वाचवणारे लोक मी पाहिलेत. ते गाडी घेतल्यावर नवऱ्याचे किंवा बायकोचे बोल खातात, रेंज तेवढीच राहते.

‘पाच माणसं बसत नाहीत, सामान मावत नाही.’

इथे मेसेजला निम्मे मार्क द्यावे लागतात, तेही ‘इलेक्ट्रिक’ म्हणून नव्हे तर ‘छोटी’ म्हणून.

पंच ईव्हीची डिकी 366 लिटरची आहे. पुढे बॉनेटखाली 14 लिटरचा एक कप्पा आहे, त्यात चार्जिंगची केबल आणि चपलांची पिशवी जाते. आता मेसेज जिची शिफारस करतो ती त्याच पंचची सीएनजी आवृत्ती बघा. दोन छोट्या टाक्या तळाशी बसवूनही डिकी 210 लिटर उरते. एकच मोठा सिलिंडर बसवलेल्या गाड्यांत तर डिकी उघडली की समोर सिलिंडरच दिसतो आणि बॅगा मांडीवर येतात. सामानाच्या मुद्द्यावर सीएनजी सुचवणं हे धाडसाचं काम आहे.

बसण्याचं मात्र खरं आहे. मागे दोन मोठे आणि मध्ये एक लहान मूल, इथवर ठीक. तीन मोठी माणसं पाच तास मागे बसली तर मधल्याचे हाल. तळाशी बॅटरी असल्यामुळे अनेक छोट्या ईव्हींत मागची जमीन थोडी वर येते, त्यामुळे गुडघे उंचावतात आणि मांडीला आधार कमी मिळतो. उलट चढ-उतार सोपी, कारण सीट उंच आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला सेडानमध्ये खाली ‘पडावं’ लागतं, इथे नुसतं सरकायचं. म्हणून शोरूममध्ये एकट्याने टेस्ट ड्राइव्ह घेऊन येऊ नका. आई-वडील, मुलं सगळ्यांना न्या, मागे बसवा आणि विक्रेता काहीही बोलत असला तरी वीस मिनिटं उठू देऊ नका. आजोबांनी दोनदा बूड हलवलं की उत्तर मिळालं.

मे महिन्यात कोकणातून परतताना आंब्याच्या पेट्या, तांदूळ, कोकमाच्या बरण्या आणि पाच माणसं असा बेत असेल तर कुठलीच चार मीटरची गाडी पुरत नाही. टपावर कॅरिअर लावलं तर ईव्हीची रेंज दणकून पडते, तो मार्ग धरू नका. काही छोट्या ईव्हींत स्टेपनी येत नाही, नुसतं पंक्चर किट येतं. दगडाने टायरची कड फाटली तर किटचा उपयोग शून्य. बुकिंगआधी विचारून घ्या.

फॅमिली म्हटलं की सुरक्षितताही आली, ती मेसेजमध्ये नाही. पंच ईव्हीला भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणीत 2024 साली पाच स्टार मिळाले आहेत, मोठ्यांसाठीही आणि मुलांसाठीही.

‘रस्त्यात चार्जिंगला तासन्‌तास.’

कंपनीचा दावा 50 किलोवॅटच्या फास्ट चार्जरवर 10 ते 80 टक्के 56 मिनिटांत, असा आहे. म्हणजे मिसळ, चहा आणि मुलांना एकदा बाथरूम. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर कोल्हापूरच्या वाटेवर एवढं थांबणं तसंही होतंच. ‘मी मध्ये कुठे थांबतच नाही’ म्हणणारे बहुधा एकटे प्रवास करतात.

अडचण वेळेची नाही, चार्जर रिकामा आणि चालू मिळण्याची आहे. हॉटेलच्या कोपऱ्यात 60 किलोवॅटचं मशीन, दोन गन, म्हणजे गाडीला लावायचे दोन प्लग. दुसरी गाडी लागली की ताकद वाटली जाते आणि तुमच्या वाट्याला 30 येतात. एका गनसमोर कोणीतरी डिझेल गाडी लावून जेवायला गेलेला असतो. ॲपमध्ये आधी पैसे भरा, मग ओटीपी येईना. गणपतीत आणि दिवाळीत पुढे दोन-तीन गाड्या असतात, प्रत्येकीचा पाऊण तास. 2025 च्या राज्याच्या ईव्ही धोरणात महामार्गांवर दर 25 किमीला चार्जिंगची सोय करायचं ठरलं आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर नियम एकच: 15 टक्क्यांवर चार्जर शोधायचा नाही, 35-40 वर लावायचा आणि पुढचा एक पर्याय हाताशी ठेवायचा.

गावाकडे पोचल्यावर 15 अँपिअरच्या साध्या प्लगवर रात्रभरात 20-25 युनिट भरतात, दुसऱ्या दिवसाची चिंता मिटते. पण तो प्लग आधी तपासून घ्या. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतं असतं, चार्जरचा लाल दिवा लागतो आणि तो हटून बसतो. कातळावरच्या घरांत ही तक्रार हमखास. गावातला वायरमन बोलावून अर्थिंगचा खड्डा नीट करून घेतला की काम होतं, खर्चही फार नाही. मात्र रात्री दहाला पोचल्यावर वायरमन मिळत नाही.

‘आठ वर्षांनी बॅटरी संपली.’

आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किमी ही वॉरंटीची मुदत आहे, बॅटरीच्या मरणाची तारीख नव्हे. बॅटरी एका दिवशी बंद पडत नाही, तिची क्षमता हळूहळू घटते. पुनर्विक्रीत भाव पडतो ही तक्रार जास्त खरी आहे, पण ती मेसेजमध्ये नाही. पावसात शॉक बसतो, असंही एका आवृत्तीत वाचलं. बॅटरीचा डबा आयपी67 दर्जाचा, म्हणजे पाणी-धूळ आत जाणार नाही असा सीलबंद असतो. पुढे चला.

‘त्यापेक्षा सीएनजी.’

इथे दोन्ही बाजू आकडे फुगवतात. ‘किलोमीटरला एक रुपया’ हे ईव्हीवाल्यांचं आवडतं वाक्य, तेही धरू नका. चार्जिंगमधली गळती धरली तर मीटरवरच्या एका युनिटला 6 किमीच्या थोडं वर पडतात. महिन्याला हजार किमी चालवली तर घरच्या बिलात सुमारे 160 युनिट वाढतात आणि महावितरणचा घरगुती दर स्लॅबने चढतो, म्हणून ही वाढ वरच्या, महागड्या स्लॅबमध्ये पडते. युनिटला 12 ते 15 रुपये धरले तर किलोमीटरला 2 ते अडीच. ईव्हीसाठी वेगळं मीटर घेता येतं, त्याचा दर कमी पडतो. हायवेच्या फास्ट चार्जरवर 20-24 रुपये युनिट, म्हणजे किलोमीटरला तीन-सव्वातीन. सीएनजी नव्वदीच्या आसपास आणि किलोला 22 किमी, म्हणजे चार रुपये.

फरक सरासरी दोन रुपयांचा. महिना हजार किमीला वर्षाचे 24-25 हजार वाचतात. गाडीच्या किमतीत दोन-अडीच लाखांचा फरक असेल तर वसुलीला आठ-दहा वर्षं. म्हणजे कमी फिरणाऱ्या घराला पैशांच्या मुद्द्यावर मेसेजचा सल्ला बरोबर आहे! महिन्याला दोन हजारांवर फिरणाऱ्याला, किंवा पेट्रोल गाडी विकून येणाऱ्याला चित्र वेगळं दिसतं. पेट्रोल शंभरीपार, शहरात लिटरला 15 धरले तर किलोमीटरला सात रुपये जातात. मुंबई–पुणे ये-जा असणाऱ्यांना आणखी एक वजावट आहे. राज्याच्या 2025 च्या धोरणाने द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली. द्रुतगतीचा कारचा टोल 320, जाऊन-येऊन 640. त्याच फेरीचा सीएनजीचा खर्च बाराशेच्या आसपास येतो, त्याच्या निम्म्याहून जास्त.

जे मेसेजमध्ये नाही

वरचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे तुमच्या मीटरचा प्लग आहे. तो असेल तर रोज सकाळी गाडी भरलेली मिळते आणि रेंजची चर्चा वर्षातल्या मोजक्या लांब प्रवासांपुरती उरते. नसेल तर आठवड्यातून दोनदा मॉलच्या चार्जरपाशी तास काढायचा, सव्वातीन रुपयांचा किलोमीटर मोजायचा. मग पस्तीसच काय, पन्नास युनिटची बॅटरी घेऊनही कटकट संपत नाही.

केंद्राच्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करता येते. कागदावर अडचण नाही. ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये येते. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत केबल कुठून न्यायची, डक्ट कोणाच्या खिडकीखालून जातो, आग लागली तर जबाबदार कोण, पार्किंग तुमच्या नावावर आहे की नुसतं वापरात आहे. यावर तीन-तीन महिने जातात, आणि नवी गाडी तोवर खालच्या दुकानाच्या एक्स्टेन्शनवर लटकते, जे अजिबात करू नये. केबल कुठून जाणार त्याचा साधा नकाशा, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं पत्र आणि स्वतंत्र एमसीबीचा (भार वाढला की आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचचा) उल्लेख असा अर्ज आधी द्या. सेक्रेटरीची सही असलेला कागद हातात आल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका.