युरोपातली रानटी ब्लॅकबेरी ‘एकच जात’? अजिबात नाही

सध्या एक मेसेज खूप फिरतोय: युरोपातली रानटी ब्लॅकबेरी म्हणजे रुबस फ्रुटिकोसस ही एकच जात, तिचं झुडूप दोन वर्षांत मरतं, काटे म्हणजे आखडलेल्या फांद्या, आणि फळ म्हणजे आपल्या तुतीचाच प्रकार. यातलं काहीच धड बरोबर नाहीये.

एकच जात हे तर सगळ्यात चुकीचं. फ्रुटिकोसस हे नाव आता अख्ख्या गटासाठी वापरतात, नुसत्या ब्रिटन-आयर्लंडमध्येच त्यात 300 च्या वर सूक्ष्मजाती (म्हणजे अगदी बारीक फरकांनी वेगळ्या मानलेल्या जाती) मोजल्यात. एवढ्या कुठून आल्या, तर यातल्या बहुतेकींचं बी फलन न होताच तयार होतं, म्हणजे रोप आईची हुबेहूब कॉपी, पण परागकण तरी लागतातच कारण बियातला अन्नसाठा त्याशिवाय बनत नाही, आणि मग कधीतरी दोन प्रकारांचा संकर झाला की तो तसाच्या तसा पिढ्यानपिढ्या टिकून राहतो.

याला अपवाद आहे रुबस उल्मिफोलियस, आणि मला वाटतं सगळ्यांनी आधी हीच ओळखायला शिकावी. स्पेन, इटलीपासून दक्षिण इंग्लंडपर्यंत भरपूर. 14 गुणसूत्रं, बी रीतसर फलनातून. पानाची खालची बाजू दाट बारीक लवीमुळे पांढरी, जांभळट खोडावर द्राक्षावर असते तशी पांढुरकी भुकटी, पाकळ्या गुलाबी नि चुरगळल्यासारख्या. एवढं बघितलं तरी बऱ्याचदा ओळखू येते. चिलीमध्ये मात्र हीच बाहेरून येऊन पसरलीय आणि तिथे मोठी डोकेदुखी झालीय.

दोन वर्षांचं म्हणाल तर मरते ती फांदी, झुडूप नाही! फांदीला पहिल्या वर्षी नुसती पानं, दुसऱ्या वर्षी फुलं-फळं, मग ती वाळते, पण खालचा बुंधा वर्षानुवर्षं जगतो आणि वाकलेल्या फांदीचं टोक मातीला टेकलं की तिथेच मुळं फुटून नवीन झुडूप तयार.

काटे सालीतून येतात, गुलाबासारखेच. फांदीचा काटा बघायचा तर डाळिंबाचा बघा.

राहिली तुती. तिचा एकेक मणी म्हणजे एकेक वेगळं फूल, आणि ब्लॅकबेरीचे सगळे मणी एकाच फुलातले. कूळही वेगळं, ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळातली, तुती वड-उंबराच्या.